मोपा ते दाबोळी : पावणेचार घटकांची वाट

भाद्रपद मास लागला की आम्हां कीर्तनकारांच्या पायांस भिंगरी लागते. श्रावणातील सप्ताह आटोपतात न आटोपतात तोच गणेशोत्सवाची आमंत्रणे येऊ लागतात, आणि मग आज कऱ्हाड, उद्या सांगली, परवा गोमंतक अशी धावपळ सुरू होते. एस.टी., आगगाडी, होडी, प्रसंगी मालमोटारीच्या चालकाशेजारची जागा, अशी सर्व वाहने आम्ही ह्या व्रतापायी अनुभविली आहेत. विमानाचा योग मात्र साठी उलटल्यावर आला. त्या योगाने आम्हांस जो धडा दिला, तो ह्या पर्वकाळी वाचकांपुढे मांडावा असे मनात आले. कारण चतुर्थीस गोव्याला आपल्या घरी जाणाऱ्या पुष्कळांच्या वाटेत तो उभा आहे.

गोव्यात आता विमानतळ दोन आहेत, एवढे वाक्य ज्याने नीट ध्यानी धरले त्यास आमच्या लेखाची निम्मी गरज नाही. एक दाबोळी, मुरगाव तालुक्यात, वास्को शहरालगत. दुसरा मोपा, पेडणे तालुक्यातील सड्यावर, महाराष्ट्राच्या सीमेस जवळजवळ चिकटून. आकाशातून सरळ रेषा ओढली तर दोहोंत सुमारे ४० किलोमीटरांचे अंतर पडते. रस्त्याने तेच ६० ते ६५ किलोमीटर होते. वाहतूक मोकळी असेल तर दीड तास लागतो. 'असेल तर' हे दोन शब्द वाचकांनी अधोरेखित करून ठेवावेत.

जुन्या मानाने हिशेब केला तर मौज वाटते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत चार हातांचा दंड, दोन सहस्र दंडांचा कोस आणि चार कोसांचे योजन असे परिमाण दिले आहे. योजनाचे मान ग्रंथागणिक बदलते, तो वाद येथे नको. हात अठरा इंचांचा धरला तर कोस साडेतीन किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो. म्हणजे पक्ष्याच्या वाटेने मोपा ते दाबोळी अकरा कोस आणि माणसाच्या वाटेने सोळा-सतरा कोस. दीड तास म्हणजे चोवीस मिनिटांच्या घटकेने पावणेचार घटका. आम्हांस लागल्या सव्वाआठ घटकांहून अधिक. ते कसे, हेच सांगावयाचे आहे.

तिकिटावरील एक अक्षर

मुरगाव तालुक्यातील एका घरी दीड दिवसाच्या गणपतीपुढे दुसऱ्या दिवशी दुपारी कीर्तन करण्याचा आमचा नेम वीस वर्षांहून अधिक काळचा. त्या घरातील वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सारा वाडा 'भाई' म्हणे, हे आमच्या मागे तबल्यावर बसत. व्यवसायाने ते शिक्षक. पण हात असा, की आमची लय घसरू लागली तर ती ते हळूच उचलून जागेवर ठेवीत आणि श्रोत्यांस त्याचा पत्ताही लागू देत नसत. २०२४ सालच्या चतुर्थीपूर्वी त्यांच्या पुतण्याचा दूरध्वनी आला. भाईंनी अंथरूण धरले होते. "बुवांना काहीही करून आणा," एवढेच ते म्हणत होते. ह्या वेळी एस.टी.ची दगदग नको, विमानाने या, असा यजमानांचा आग्रह पडला.

तिकीट आमच्या भाच्याने काढले. पुण्याहून जाण्याचे आणि दोन दिवसांनी परतीचे. त्याने दोन्ही कागद आमच्या हाती दिले. परतीच्या कागदावर 'दाबोळी' हे नाव स्पष्ट छापलेले दिसले आणि आम्ही निश्चिंत झालो. यजमानांस कळविले, 'दाबोळीस साडेबारानंतर उतरतो.' त्यांचे घर तेथून दहा मिनिटांच्या वाटेवर. जाण्याच्या कागदावर 'गोवा' एवढेच मोठ्या अक्षरांत होते आणि त्याखाली बारीक टायपात तीन अक्षरी संकेत. दाबोळीचा संकेत 'जीओआय' आणि मोप्याचा 'जीओएक्स', हे ज्ञान आम्हांस नंतर झाले. पाणिनीच्या सूत्रांत अर्ध्या मात्रेची काटकसर साधली तर वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, असे आम्ही विद्यार्थ्यांस पढवीत आलो. येथे एका अक्षराकडे दुर्लक्ष झाले आणि सतरा कोस पदरी पडले! दोष भाच्याचा नव्हे, विमान कंपनीचाही नव्हे. जो मनुष्य आयुष्यभर पाठभेद तपाशीत बसला, त्याने आपले तिकीट मात्र वाचले नाही.

७ सप्टेंबर रोजी, चतुर्थीस, पंढरीत घरच्या गणरायाची प्रतिष्ठापना करून आम्ही दुपारी निघालो आणि सुमारे २१० किलोमीटर तोडून रात्री पुण्यास पोचलो. दुसऱ्या दिवशी विमानतळावर तपासणी करणाऱ्या शिपायाने आमच्या पिशवीतील झांजा बाहेर काढून उलटसुलट पाहिल्या. वाजवून दाखवा म्हणाला. आम्ही दाखविल्या. त्याने नमस्कार केला आणि पिशवी पुढे ढकलली. पुण्याहून मोपा सरळ रेषेत सुमारे ३१५ किलोमीटर. ते अंतर विमानाने तास-सव्वातासात कापले. साडेबारा वाजून गेल्यावर आम्ही उतरलो, भव्य आणि नवीकोरी इमारत पाहून मनात म्हणालो की दाबोळी किती पालटली! बाहेर येऊन अर्धा घटका उभे राहिलो. यजमानांचा पुतण्या दिसेना. तेवढ्यात त्याचाच दूरध्वनी आला.

"बुवा, तुम्ही खंय आसात?"

आम्ही म्हणालो, "अरे, दारातच उभे आहोत, मोठ्या खांबापाशी." पलीकडून तो म्हणाला, "हांवूय दारातच आसां." मग दोघांनीही आपापल्या दारावरची पाटी वाचली.

दोन विमानतळ का?

सड्यावरील वारा खात उभे असता हा प्रश्न आमच्याही मनात आला होता. त्याचे उत्तर इतिहासात आहे. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीज राजवटीत, १९५५ साली सुरू झाला. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या मोहिमेत भारतीय वायुदलाने त्याच्या धावपट्टीवर बाँबफेक केली आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढे तो तळ नौदलाकडे गेला, 'आय.एन.एस. हंसा' ती हीच. प्रवासी विमाने तेथे उतरतात ती नौदलाच्या अंगणातून वाट काढून. नौदलाचा सराव चालू असता नागरी विमानांना थांबावे लागे, जागाही आखूड पडे. म्हणून दुसऱ्या विमानतळाचा विचार निघाला आणि तो उत्तरेस मोप्यास व्हावा असे ठरले.

ठरल्यापासून होईपर्यंत मात्र पुष्कळ पावसाळे गेले. उत्तर गोव्याचे लोक त्याच्या बाजूने, दक्षिण गोव्याचे विरोधी, कारण नवा झाला की जुना बंद पडेल ही भीती. अखेर दोन्ही चालू राहावेत असा निर्णय झाला. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मोप्याची कोनशिला बसली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित ठेवली आणि २०२० साली ती स्थगिती उठविली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन होऊन विमानतळास दिवंगत मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. त्याच्याही आधी, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी, सीमेपलीकडे सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला होता. एका लहानशा किनारपट्टीवर तीन! पूर्वी ह्याच पट्ट्यात एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाण्यास गलबताला वाऱ्याची वाट पाहावी लागे.

चार तालुके, तीन नद्या

आता वाट सांगतो. मोप्याच्या सड्यावरून जोडरस्त्याने धारगळ येथे यावयाचे. तेथे मुंबई-गोवा महामार्ग लागतो. कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली की पेडणे तालुका संपून बारदेश लागतो. मग म्हापसा, गिरी, पर्वरी. पुढे मांडवी. तिच्यावर २०१९ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू, लोखंडी दोरांनी तोललेला. पणजी उजव्या हातास ठेवून मेरशी, बांबोळी, आगशी असे तिसवाडीतून उतरत गेले की जुवारी नदी. तिच्यावरही नवा दोरांचा पूल आहे. त्याची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये, दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये वाहतुकीस मिळाली. पलीकडे कुठ्ठाळी, आणि तेथून पश्चिमेस सांकवाळवरून दाबोळी. चार तालुके आणि तीन नद्या. नकाशावर बोटाने फिरून पाहावे, बोटास फारसे श्रम पडत नाहीत.

आम्हांस जो भाड्याचा मोटारचालक भेटला तो पेडण्याचाच, पंचविशीतील तरुण. आमचे पागोटे पाहून त्याने विचारले, "बुवा, कीर्तन खंय?" आम्ही गाव सांगितले. त्याचे तोंड उतरले. त्याच्याही घरी दीड दिवसाचा गणपती. संध्याकाळी विसर्जन आणि मूर्ती डोक्यावर घेण्याचा मान त्याचा, कारण वडिलांच्या पश्चात घरात पुरुष तोच एकटा. सकाळी एखादे जवळचे भाडे मारून घरी परतावे अशा बेताने तो आला होता. "दीड तास वचपाक, दीड तास येवपाक," तो बोटांवर मोजू लागला. मग म्हणाला, "बसा. कीर्तनाचें भाडें ना म्हणूं नये." सव्वा वाजला होता. कीर्तनाची वेळ साडेतीनची. हिशेब चोख होता.

हिशेब म्हापशापर्यंत टिकला. पुढे पाऊस सुरू झाला. गिरीच्या पुढे मोटारी एकामागे एक उभ्या. चवथीस घरी आलेला, दुसऱ्या दिवशी सासरी अथवा मूळ घरी निघालेला, विसर्जनास नदीवर निघालेला, सारा गोवा जणू त्या एका रस्त्यावर आला होता. त्यात पर्वरीस रस्त्याचे काम आणि पावसाने पडलेले खड्डे. गाडी चार हात सरके आणि थांबे. शेजारच्या टेंपोत एक कुटुंब मूर्ती मांडीवर घेऊन बसले होते. मागे दोघे मुलगे घुमटावर आरती धरून होते. थांबलेल्या रस्त्यावर ती आरती संपली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली.

चालकाचा दूरध्वनी दर दहा मिनिटांनी वाजत होता. तो उचलत नव्हता. आमचाही वाजत होता. आम्ही उचलीत होतो आणि 'पर्वरीस आहोत' एवढेच तीन वेळा सांगितले. तिसऱ्या वेळी पलीकडून कळले, की भाई खाटेवरून उठवून घेऊन तबल्यापाशी टेकून बसले आहेत आणि आडवे व्हावयास तयार नाहीत.

बांबोळीस

वाचकहो, रघुवंशाच्या तेराव्या सर्गात श्रीराम पुष्पक विमानातून सीतेसह अयोध्येस परत येतात. समुद्र, जनस्थान, गोदावरी, चित्रकूट, गंगायमुनांचा संगम अशी भूमी खालून सरकत जाते आणि राम बोटाने दाखवीत जातात. हा सर्ग आम्ही अनेक वर्षे शिकविला. पर्वरीच्या त्या गर्दीत त्याचा शेवट आम्हांस पहिल्यांदाच नीट दिसला. कालिदास विमान थेट राजवाड्याच्या गच्चीवर उतरवीत नाही. शेवटचा अर्धा कोस प्रजाजन पुढे चालतात आणि पुष्पक वेग आवरून त्यांच्यामागून जाते. मुक्काम पडतो तो नगराबाहेरील उपवनात, आणि तेथील निवाऱ्याची सोय शत्रुघ्नाने आधीच करून ठेवलेली असते. समुद्र ओलांडून आलेल्या वाहनालाही शेवटच्या अर्ध्या कोसाची व्यवस्था कुणीतरी जमिनीवर राहूनच करावी लागली! ३१५ किलोमीटर तास-सव्वातासात कापून आलेले आम्ही पर्वरीच्या चढावर पाऊण तास उभे होतो.

मांडवीवर आलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. पुलावरून जाताना आम्हांस १९८६ साल आठवले. त्या वर्षी ५ जुलैस मांडवीचा जुना पूल कोसळला होता आणि चतुर्थीस आम्ही गुरुवर्यांसमवेत प्रथमच गोव्यात आलो होतो. फेरीबोटीच्या धक्क्यावर माणसांची ही गर्दी. गुरुवर्यांनी तेथेच कट्ट्यावर बैठक मारून आम्हांकडून दुसऱ्या दिवशीचे पूर्वरंग पाठ करवून घेतले. 'थांबणे हाही प्रवासच,' असे ते म्हणाले होते की नाही, नक्की आठवत नाही. 'शब्द गिळू नकोस,' हे मात्र नक्की म्हणाले.

पुलावर आम्ही चालकास विचारले, "बाळ, तू येथून परतलास तर वेळेवर पोचशील का?" तो म्हणाला, "तुमकां वाटेर सोडून?" आम्ही यजमानांच्या पुतण्यास दूरध्वनी केला, की बाबा, तू दाबोळीहून इकडे नीघ, आम्ही तिकडे येतो, अंतर दोघांनी वाटून घेऊ. बांबोळीचे मोठे इस्पितळ सर्वांस ठाऊक. तेथे भेटावयाचे ठरले. खरे म्हणजे ही बुद्धी दोन तास आधी सुचावयास हवी होती. पण प्रवासात आपण वाहनात बसलो की बुद्धीही मागच्या आसनावर बसते.

तीन पस्तीसला बांबोळीस पोचलो. दहा मिनिटांनी पुतण्याची गाडी आली. पेडण्याच्या त्या मुलाने ठरलेल्या भाड्यातील अर्धेच घेतले. आम्ही आग्रह केला तर म्हणाला, "अर्धीच वाट केली." गाडी वळवून तो गेलासुद्धा.

पुढे जुवारी. पुलाच्या पलीकडचे कुठ्ठाळी ते प्राचीन कुशस्थळी. मंगेशाचे मूळ स्थान. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने भाविकांनी तेथील देव नदीपलीकडे अंत्रुज महालात, आजच्या फोंडे तालुक्यात नेला आणि प्रियोळात मंगेशी उभी राहिली. शेजारच्या केळशीची शांतादुर्गा तशीच कवळ्यास गेली. नकाशावर ते अंतर थोड्या कोसांचे आहे. ज्यांनी ते काळोखात, देव सांभाळीत, मागे पाहत तोडले त्यांचा वेळ कोणत्या घटिकापात्राने मोजावा? दरवर्षी येथे आम्ही हात जोडतो. त्या दिवशी गाडी वेगात होती, तरी जोडले.

पंचवीस मिनिटांचे कीर्तन

घरी पोचलो तेव्हा चार पस्तीस झाले होते. मोप्याहून निघून तीन तास वीस मिनिटे. विसर्जनाची सारी तयारी होऊन राहिली होती. माटोळीची फळे तेवढी जागेवर होती. शेजारपाजारचे पुष्कळ जण आपापल्या विसर्जनास निघून गेले होते. घरचे वीसएक जण बसलेले. भाई भिंतीस टेकून, मांडीवर उशी, पुढे तबला.

पाय धुतले, अंगरखा चढविला आणि उभे राहिलो. साडेपाचास उत्तरपूजा करावयाची होती. नमन करून पूर्वरंग दोन वाक्यांत आटोपला आणि थेट आख्यानास हात घातला. आख्यान आधीच ठरलेले होते, कार्तिकेय आणि गजानन यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेचे! मयूरावर बसून कार्तिकेय निघाला येथपर्यंत आलो आणि तोंडातून निघून गेले, "त्याचे वाहन वेगवान खरे, पण त्या दिवशी ते मोप्यास उतरले." घर हसले. भाईही हसले आणि त्यांनी डग्ग्यावर एक थाप दिली. ती लयीत होती. त्यापुढे त्यांचा उजवा हात चालला नाही, डाव्यानेच ठेका धरला, आणि आम्ही लय त्या एका हातास पेलेल इतकी उतरविली. पंचवीस मिनिटांत कीर्तन संपले. त्यानंतरच्या श्रावणात भाई गेले.

रात्री नऊच्या सुमारास पेडण्याहून दूरध्वनी आला. मूर्ती वेळेवर निघाली होती.

आता व्यवहाराचे बोलतो. गोव्यास जाणाऱ्याने तिकिटावर मोपा की दाबोळी हे आधी वाचावे आणि नेण्यास येणाऱ्यास तोच शब्द कळवावा. 'गोवा' म्हणू नये. पेडणे, म्हापसा, सावंतवाडीकडील माणसास मोपा सोयीचा. वास्को, मडगाव, काणकोण येथील माणसास दाबोळी. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान धरावयाचे असेल तर मधल्या दीड तासावर विसंबू नये. सामान मिळण्यास अर्धा तास, विमानापूर्वी दोन तास हजर राहणे, वाटेतील अडचणीस एक तास, असे सारे धरून पाच तासांचे अंतर ठेवावे. चतुर्थीत, नाताळात आणि मुसळधार पावसात त्याहून अधिक. मध्यरात्री हीच वाट सव्वा तासात संपते असे सांगणारे भेटतात. त्यांचे खरेही असेल, पण कीर्तने मध्यरात्री सुरू होत नाहीत.

यंदाचे आमंत्रण आले आहे. पुतण्याने स्वतःच्या हाताने पोस्टकार्ड लिहिले असून तळाशी 'दाबोळी' हा शब्द दोनदा अधोरेखित केला आहे. तबल्यावर त्याचा धाकटा मुलगा बसणार. भाच्याने तिकीट आणून दिले ते आम्ही चष्मा लावून, मोठ्याने, संकेताच्या अक्षरांसकट वाचले. मग आमच्या सौभाग्यवतींनी एकदा वाचले.